चिनी लेखणीतली अजिंठ्याची वाट

रिसोड तालुक्यातल्या रिठदमध्ये नव्याने आलेल्या पाहुण्याने कुणाच्या शेताची वाट विचारली, तर त्याला दोन तऱ्हेची उत्तरे मिळू शकतात. एक असे: "गावाच्या उत्तरेला, दीडेक किलोमीटरवर, गट नंबर अमुक." दुसरे असे: "आखरापासून पांदणीला लागा. नाला ओलांडला की उजव्या हाताला चिंच दिसेल. तिच्या मागच्या धुऱ्याने वर चढा, म्हणजे समोर विहीर." पहिले उत्तर नकाशासाठी बरोबर आहे. दुसरे पायांसाठी बरोबर आहे. पहिल्यात जागा वरून दिसते, दुसऱ्यात ती चालता चालता उलगडत जाते.

जागा शब्दांत कशी मांडायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. डोळा एका नजरेत खोली पाहतो. वाक्य मात्र एकामागून एक शब्द देते. मग ज्याने ती जागा पाहिलेली नाही, त्याच्या मनात लांबी, रुंदी, खोली, उजेड, अंधार हे सगळे उभे कसे राहते? जुन्या चिनी साहित्याने या प्रश्नावर दोन हजार वर्षे विचार केला. या विचाराचा एक धागा थेट आपल्या मुलखात येऊन पोचतो, कारण सातव्या शतकातल्या एका चिनी ग्रंथात डोंगरात कोरलेल्या ज्या मठाचे वर्णन आहे, तो मठ म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अजिंठ्याची निम्म्याहून अधिक लेणी ज्यांच्या राज्यात कोरली गेली, त्या राजांची राजधानी होती वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम.

वाशीमचे राजे आणि अजिंठ्याचा डोंगर

वाकाटक घराण्याच्या दोन शाखा होत्या. एक रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, दुसरी वत्सगुल्मला. वत्सगुल्म शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह झाल्याची कथा सांगितली, तीही याच वत्सगुल्ममध्ये घडवली. वाशीमची ओळख राजधानी म्हणून होती, तशीच साहित्याचे गाव म्हणूनही होती.

याच शाखेचा राजा हरिषेण पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरवून घेतले आणि डावीकडच्या बाहेरच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख खोदवला. त्या लेखात वाकाटकांची वंशावळ आहे. ती वाचताना अभ्यासकांकडून एक नाव चुकले होते. 1939 साली वाशीमला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट सापडला, त्यावरून वा. वि. मिराशी यांनी ते नाव सर्वसेन असल्याचे दाखवले आणि वत्सगुल्म शाखेचा इतिहास नीट जुळला. म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरचे कोडे वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यांनी सोडवले.

हरिषेणानंतर सुमारे दीडशे वर्षांनी, 641च्या सुमारास, युआन श्वांग हा चिनी भिक्षू महाराष्ट्रात आला. आपण त्याला ह्युएनत्संग या नावानेही ओळखतो. 645मध्ये तो राजधानी चांगआनला परतला आणि सम्राट ताइत्सुंगच्या सांगण्यावरून 646मध्ये त्याने प्रवासाचा बारा भागांचा ग्रंथ पुरा केला. त्याने सांगितलेला मजकूर बियानजी या भिक्षूने लिहून काढला. महाराष्ट्राचा वृत्तांत त्याच्या अकराव्या भागात आहे.

पहिली पायरी: चौकट

युआन श्वांग कोणत्याही देशाचे वर्णन एका ठरलेल्या क्रमाने सुरू करतो. आधी देशाचा घेर, मग राजधानीचा घेर, मग जमीन, हवा, माणसांचा स्वभाव, राजा, आणि शेवटी मठ व देवळे. महाराष्ट्राचा घेर तो 6,000 ली सांगतो आणि राजधानीचा 30 ली. ली हे चिनी अंतराचे माप, ढोबळमानाने अर्धा किलोमीटर. म्हणजे राजधानीला एक फेरा घालायचा तर सुमारे पंधरा किलोमीटर चालावे लागेल. राजधानीच्या पश्चिमेला मोठी नदी आहे, जमीन सुपीक आहे, हवा उष्ण आहे. लोक उंचेपुरे, साधे आणि मानी आहेत. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत. राजा पुलकेशी आहे, आणि उत्तरेच्या हर्षवर्धनाला तो नमलेला नाही. शंभरावर मठ आहेत, त्यात 5,000 भिक्षू राहतात.

हा क्रम सवयीतून आला आहे. चीनमध्ये नगराची कल्पनाच मोजमापातून सुरू होते. 'चौली' या प्राचीन ग्रंथातल्या कारागिरीच्या प्रकरणात राजधानी कशी आखावी ते सांगितले आहे: प्रत्येक बाजू नऊ ली लांबीचा चौरस, दर बाजूला तीन दरवाजे, उभे नऊ आणि आडवे नऊ रस्ते, डावीकडे पूर्वजांचे मंदिर, उजवीकडे भूमीची वेदी, पुढे दरबार, मागे बाजार. युआन श्वांग ज्या चांगआनहून निघाला, ते शहर अशाच आखणीच्या विचारातून उभे राहिलेले, सुमारे 84 चौरस किलोमीटर पसरलेले होते. अशा शहरात राहिलेल्या माणसाला परका देश सांगतानाही आधी चौकट हवी असते.

चौकटीचा उपयोग असा की वाचकाला आपण कुठे उभे आहोत ते कळते. पण एवढ्याने जागा जिवंत होत नाही. 30 लीचा घेर कळला, तरी आत पाऊल पडलेले नसते.

दुसरी पायरी: पाठ कुठे, तोंड कुठे

देशाचे सामान्य वर्णन संपले की युआन श्वांगची लेखणी एका ठिकाणी थांबते. राज्याच्या पूर्व सीमेवर मोठा डोंगर आहे. एकामागे एक सुळके आणि कडे आहेत. तिथल्या अंधाऱ्या दरीत एक मठ आहे. त्याची उंच दालने आणि खोल खोल्या कड्यात शिरलेल्या आहेत. मजल्यांवर मजले आहेत, त्यांची पाठ कड्याला आहे आणि तोंड दरीकडे.

पाठ आणि तोंड ही जोडी चिनी स्थापत्यविचारात फार खोलवर रुजलेली आहे. घर, गाव, कबर, राजवाडा, काहीही बांधायचे असो, त्याला मागे आधार हवा आणि पुढे मोकळीक हवी. मागे डोंगर, पुढे पाणी ही आदर्श जागा. लेखकाने पाठ आणि तोंड एवढे दोनच शब्द दिले तरी वाचकाच्या मनात दिशा तयार होते. तो आता वरून पाहत नाही. तो दरीत उभा आहे आणि कड्याकडे पाहतो आहे.

अजिंठा पाहिलेल्याला हे वर्णन लगेच ओळखू येईल. वाघोरा नदीने घोड्याच्या नालेसारखे वळण घेतले आहे, आणि त्या वळणाच्या उभ्या कड्यात सुमारे 30 लेणी ओळीने कोरलेली आहेत. प्रत्येक लेण्याची पाठ डोंगरात आणि तोंड नदीच्या दरीकडे. चौदाशे वर्षांपूर्वीचे एक वाक्य आजही जागेवर जाऊन ताडून पाहता येते.

मठ कुणी बांधला, हेही युआन श्वांग सांगतो: अचल नावाच्या अर्हताने. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या भिक्षू बुद्धभद्राच्या शिलालेखातही स्थविर अचल याने शैलगृह करवल्याचा उल्लेख आहे. ग्रंथातला मठ आणि अजिंठा एकच, असे मानण्यामागे हे मोठे कारण आहे.

तिसरी पायरी: रिकाम्या जागेचे काम

आता लेण्याच्या आत जाऊ. लेणे बांधलेले नसते, ते कोरलेले असते. कारागीर दगडावर दगड ठेवत नाही; दगड काढत जातो. जे शेवटी उरते, त्यात माणसाच्या उपयोगाचा भाग कोणता? खांब आणि भिंती डोळ्यांना दिसतात, पण भिक्षू राहिले ते त्यांच्या मधल्या पोकळीत.

चिनी विचाराने ही गोष्ट फार लवकर ओळखली. 'ताओ ते चिंग' या प्राचीन ग्रंथाच्या अकराव्या प्रकरणात चाकाचा तुंबा, मातीचे भांडे आणि दारे-खिडक्या असलेली खोली अशी तीन उदाहरणे घेऊन एकच मुद्दा मांडला आहे: वस्तू जे आहे त्याने घडते, पण ती कामाला येते जे नाही त्यामुळे. चाक फिरते ते मधल्या भोकामुळे, भांड्यात धान्य मावते ते पोकळीमुळे, खोलीत राहता येते ते मोकळ्या जागेमुळे.

हा विचार पुढे चिनी चित्रकलेत कोऱ्या कागदाचा झाला आणि साहित्यात न सांगितलेल्या ओळींचा झाला. डोंगर आणि नदी यांच्या मध्ये चित्रकार काहीच काढत नाही. पाहणारा तिथे धुके पाहतो. गद्य लेखकही खोलीतली प्रत्येक वस्तू मोजून सांगत नाही. दोन-तीन खुणा देतो आणि मधले अंतर वाचकाच्या ताब्यात देतो. युआन श्वांगने मठातल्या खोल्या मोजलेल्या नाहीत. दालने उंच, खोल्या खोल, भिंतींवर बुद्धाच्या पूर्वजन्मातल्या कथा कोरलेल्या, एवढेच तो सांगतो, आणि मधला अंधार वाचक स्वतः भरतो.

चौथी पायरी: सगळे एकदम दाखवायचे नाही

जागा मोठी भासवायची असेल तर ती लपवावी लागते. हे तंत्र चिनी लेखकांनी कथेतून शिकवले. थाओ युआनमिंग (365–427) या कवीची पीचफुलांच्या झऱ्याची कथा चीनमध्ये घरोघरी माहीत आहे. एक कोळी नावेतून जाताना पीचच्या फुललेल्या बनात येतो. बन संपते तिथे झऱ्याचा उगम आणि डोंगर. डोंगराला एक लहान भोक आहे आणि त्यातून अंधुक उजेड येतो. सुरुवातीला वाट इतकी अरुंद की एकच माणूस मावेल. काही डझन पावले गेल्यावर एकाएकी सपाट, मोकळे रान पुढे येते. घरे, शेते, तळी, तुतीची झाडे. जगाला विसरलेले एक अख्खे गाव तिथे नांदते आहे.

मांडणी लक्षात घ्या. गाव स्वतः मोठे नाही. पण त्याआधी वाट अरुंद केली, अंधार आणला, म्हणून उघडी जागा कितीतरी पटींनी मोठी वाटते. आवळणे आणि उघडणे, हीच त्या कथेची स्थापत्यरचना आहे.

तेराशे वर्षांनंतर छाओ श्वेछिनच्या 'लाल महालाचे स्वप्न' या कादंबरीत हेच तंत्र बागेच्या रूपात येते. सतराव्या प्रकरणात 'च्या' नावाच्या कुटुंबाची नवी भव्य बाग तयार झाली आहे. कुटुंबप्रमुख मुलाला आणि विद्वानांना घेऊन पहिल्यांदा ती पाहायला जातो. फाटक उघडते तर समोर एक कृत्रिम हिरवा डोंगर आडवा आलेला! तो सांगतो की हा डोंगर नसता तर सगळी बाग आत शिरताक्षणी दिसून गेली असती आणि मग पाहण्यात काय गोडी उरली असती. मग ते नागमोडी पायवाटेने एकेका जागेवर जातात आणि प्रत्येक जागेला नाव देतात. नाव लिहिलेली पाटी लागल्याशिवाय जागा पुरी झाली असे ते मानत नाहीत. बाग पाहणे आणि बाग लिहिणे ही त्या प्रकरणात एकच क्रिया आहे.

अजिंठ्याच्या लेण्यांतही हे आवळणे-उघडणे आहे. कड्यावरच्या उन्हातून माणूस पडवीत येतो, पडवीतून कमी उजेडाच्या सभामंडपात, आणि मंडपाच्या टोकाला अंधाऱ्या गाभाऱ्यात बसलेली प्रचंड बुद्धमूर्ती. सोळाव्या लेण्याचा मंडप 20 खांबांचा आहे. त्या खांबांच्या रांगांतून नजर आपोआप मूर्तीकडे खेचली जाते. चिनी कथाकाराने शब्दांनी जे केले, ते वराहदेवाच्या कारागिरांनी छिन्नीने केले.

पाचवी पायरी: नजरेचे तीन पल्ले

अकराव्या शतकातला चित्रकार कुओ शी याने डोंगर पाहण्याचे तीन पल्ले सांगितले. पायथ्याशी उभे राहून शिखराकडे पाहणे, हा उंचीचा पल्ला. पुढच्या डोंगरावरून मागच्या घडीत डोकावणे, हा खोलीचा पल्ला. जवळच्या डोंगरावरून दूरच्या डोंगराकडे सरळ पाहणे, हा सपाटीचा पल्ला. त्याचा मुलगा कुओ सी याने हे विचार ग्रंथरूपाने जमवले.

चिनी चित्रात एकच ठरलेला दृष्टिबिंदू नसतो, याचे कारण या तीन पल्ल्यांत आहे. गुंडाळी हळूहळू उलगडत पाहणारा कधी वर पाहतो, कधी आत, कधी लांब. तो चित्रातून चालतो. कुओ शीच्या आधीच कवींनी हे साधले होते. आठव्या शतकातल्या वांग वेईने आपल्या वांग नदीकाठच्या शेतवाडीवरच्या 20 जागा निवडल्या, त्या प्रत्येकीवर त्याने आणि त्याचा मित्र फेई ती याने एकेक छोटी कविता लिहिली. कविता ओळीने वाचल्या की त्या परिसराची फेरी पुरी होते.

युआन श्वांगच्या मठाच्या वर्णनालाही आता हे पल्ले लावून पाहा. आधी सपाटीने डोंगररांगा दिसतात. मग खोलीने कड्यात शिरलेली दालने. मग उंची: मोठा विहार शंभर चिनी फुटांहून उंच, आत सत्तर चिनी फुटांहून उंच बुद्धमूर्ती, आणि तिच्यावर दगडी छत्रांचे सात थर, एकमेकांपासून सुमारे तीन-तीन फुटांवर, कशाचाही आधार नसलेले. चिनी फूट त्या काळी सुमारे 30 सेंटीमीटरचा, म्हणजे मूर्ती 21 मीटरांची झाली. अजिंठ्यात एवढी मूर्ती नाही. सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे सात मीटर लांब आहे, आणि तीही आडवी. ही मापे ऐकीव असावीत. पण एकोणिसाव्या लेण्यातल्या स्तूपावर एकावर एक तीन दगडी छत्रे थेट छताच्या दिशेने चढत जातात. ती पाहताना मान वर जाते, आणि एकावर एक छत्रांची कल्पना किती सहज मनात घर करते ते समजते. माप चुकले, पण उंचीचा पल्ला चुकला नाही.

शेवटी तो वाचकाला पुन्हा बाहेर आणतो. फाटकाबाहेर डाव्या-उजव्या बाजूला एकेक दगडी हत्ती आहे. लोक सांगतात की ते कधीकधी गर्जतात आणि जमीन हादरते. आजही सोळाव्या लेण्याकडे नदीवरून चढणाऱ्या पायऱ्यांच्या दाराशी दोन्ही बाजूंना दगडी हत्ती आहेत.

न पाहिलेला मठ

युआन श्वांगच्या दोनशेहून अधिक वर्षे आधी, 399मध्ये चीनहून निघालेला फाहियान भारतात आला होता. दक्षिणेतल्या एका डोंगरी मठाविषयी त्याने लिहिले आहे. तिथली वाट अवघड आणि खर्चाची असल्याने तो स्वतः गेला नाही. लोकांनी सांगितले ते त्याने नोंदवले, आणि तसे स्पष्ट लिहिले.

त्याचा मठ डोंगर कोरून पाच मजली केलेला आहे. तळमजला हत्तीच्या आकाराचा, त्यात 500 खोल्या. दुसरा सिंहाचा, 400 खोल्या. तिसरा घोड्याचा, 300. चौथा बैलाचा, 200. सर्वांत वरचा पारव्याचा, 100. माथ्यावर झरा आहे, त्याचे पाणी खोल्यांसमोरून वळत वळत मजल्या-मजल्याने खाली येते आणि तळमजल्याच्या दारातून बाहेर पडते. खडकात खिडक्या पाडल्या आहेत, म्हणून आत उजेड आहे. कोपऱ्यांत कोरलेले जिने आहेत.

असा मठ कुठेही नाही. तरी हे वर्णन बारकाईने वाचण्यासारखे आहे, कारण जागा मनात कशी रचली जाते ते त्यात उघडे दिसते. संख्या वर जाताना उतरते, म्हणून इमारत वर निमुळती होत जाते. प्राण्यांची रांगही तळातल्या मोठ्या हत्तीपासून माथ्यावरच्या लहान पारव्यापर्यंत जाते, म्हणून आकार लक्षात राहतो. पाणी वरून खाली उतरते आणि आपली नजर सगळ्या मजल्यांवरून फिरवून आणते. आपल्या लेण्यांतल्या खऱ्या गोष्टी, म्हणजे खडकात कोरलेल्या पाण्याच्या टाक्या, खिडक्या, जिने, एकेका भिक्षूची लहान खोली, या सगळ्या त्यात आहेत. सांगणाऱ्यांच्या तोंडून त्या चीनपर्यंत पोचताना एका नीटस आराखड्यात बसल्या.

वराहदेव काय सांगतो

याच लेण्यांचे आपल्या बाजूचे वर्णनही आपल्याकडे आहे. वराहदेवाच्या शिलालेखात खिडक्या, दारे, वीथी, वेदिका, सुंदर मूर्ती, खांब, जिने आणि आतले बुद्धाचे मंदिर यांची नावे येतात. पाण्याचा मोठा साठा आणि नागराजाचे स्थानही येते. ते नागराजाचे दालन आजही सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या त्याच पायऱ्यांच्या वळणावर आहे.

फरक ठळक आहे. संस्कृत लेख अलंकारांची माळ गुंफतो: हे आहे, हेही आहे, आणि सगळे शोभिवंत आहे. त्याचा उद्देश दान करणाऱ्याची आणि राजाची कीर्ती दगडात टिकवणे हा आहे. तो वाचणारा लेण्यातच उभा असतो, म्हणून त्याला वाट सांगायची गरज नसते. चिनी ग्रंथ हजारो ली दूर बसलेल्या वाचकासाठी आहे, म्हणून तो त्याला चालवत नेतो. एकाने भाग दिले, दुसऱ्याने क्रम दिला. दोन्ही एकत्र वाचले तर लेणे पुरे कळते.

दोन्हींतून एक व्यवहारी गोष्टही निघते. आज आपण अजिंठ्याला कड्याच्या मधून जाणाऱ्या सलग पायवाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात शिरतो. ही पायवाट आधुनिक आहे. मूळ लेण्यांना नदीपात्रातून वर येणारे आपापले जिने होते. वराहदेवाच्या पाहुण्याला आधी दरी, मग हत्तींचे दार, मग वळणावर नागराज, मग पडवी, मंडप आणि शेवटी बुद्ध असा क्रम लागायचा. त्या क्रमाने चढून गेलात, तर सोळावे लेणे वेगळेच भेटते.

आपली स्थानपोथी

जागा चालत चालत लिहिण्याची परंपरा मराठीलाही आहे, आणि तिची मुळे वऱ्हाडात आहेत. तेराव्या शतकात म्हाइंभटाने 'लीळाचरित्र' रचले. त्यात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी ज्या गावांत गेले, त्यांत आपल्या शेजारची लोणार आणि मेहकर ही गावेही आहेत. नंतर महानुभावांनी 'स्थानपोथी' तयार केली. तिचा विषय एकच: स्वामी कुठे बसले, कुठे निजले, कुठे जेवले, ती जागा नेमकी कोणती. म्हणून तिथे देवळाचे तोंड कुठे, दार कोणत्या बाजूला, चौक कुठे, त्याच्या अमुक दिशेला काय, अशा नोंदी येतात. यात्रेकरूने त्या वाचून नेमक्या ओट्यापाशी पोचावे, हा तिचा हेतू. डॉ. वि. भि. कोलते यांनी या पोथीचे संपादन केले. मध्ययुगातल्या महाराष्ट्रातली देवळे, मठ आणि गावे कशी मांडलेली होती हे जाणून घ्यायला ती फार मोलाचे साधन आहे.

वाशीमच्या ताम्रपटातही दान दिलेले गाव सांगताना नांदीकट, म्हणजे नांदेड, याच्या उत्तर मार्गावरचे असे सांगितले आहे. मार्ग हा वाकाटकांच्या कारभारातला विभागच होता. राज्याचा हिशेबसुद्धा वाटेच्या आधाराने ठेवला जात होता.

> थोडक्यात: जागा शब्दांत कशी उभी राहते
>
> 1. चौकट: घेर, अंतर, दिशा. वाचकाला ठिकाण सापडते.
> 2. पाठ आणि तोंड: आधार कुठे, मोकळीक कुठे. वाचक जमिनीवर उभा राहतो.
> 3. रिकामी जागा: थोड्या खुणा, मधले अंतर वाचकाचे.
> 4. आवळणे-उघडणे: आधी अरुंद, मग मोकळे. लहान जागाही मोठी भासते.
> 5. तीन पल्ले: वर, आत, लांब. नजर हलती राहते.
> 6. नाव: नाव मिळाले की जागा लक्षात राहते.

आता आपली पाळी

सतराव्या शतकात ची छंग याने बागा रचण्यावर 'युआन ये' हा ग्रंथ लिहिला. चीनमधले या विषयावरचे ते सर्वांत प्रसिद्ध पुस्तक. त्यातला एक महत्त्वाचा विचार उसन्या दृश्याचा आहे: कुंपणाबाहेरचा डोंगर, शेजारच्या मठाचा मनोरा, आकाशातले ढग हेही आपल्या बागेत सामावून घ्यावेत. जागा आपल्या हद्दीत संपत नाही, ती जिथवर नजर जाते तिथवर असते. गावाची जागाही तशीच असते. वेशीपासून दूरवर दिसणारी टेकडी, नाल्याचे वळण, पारावरून दिसणारा देवळाचा कळस, हे सगळे मिळून गाव होते.

आपल्या भागातल्या बारवा बुजत आहेत, वाडे पाडले जात आहेत, पांदणी रस्त्यांत गेल्या आहेत. त्यांचे मोबाइलवर फोटो असतील, पण फोटोत क्रम नसतो. त्यात कुठून आत शिरलो, कुठे अंधार होता, कुठे एकदम उजेड आला, कुठल्या पायरीवर पाणी दिसले, हे येत नाही. ते शब्दांतच येते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या भिक्षूने लिहिले म्हणून आपण आज अजिंठ्याच्या दाराशी त्याच्यासोबत उभे राहू शकतो. स्थानपोथीकारांनी लिहिले म्हणून आज मोडून गेलेल्या देवळांचीही दारे कुठे होती ते सांगता येते.

रिठद असो की रिसोड, मेहकर असो की वाशीम, प्रत्येक गावातल्या शाळेने आणि वाचनालयाने आपली एक स्थानपोथी तयार करावी. जुन्या माणसांना विचारावे, जागेवर चालत जावे, दिशा आणि पावले मोजावीत, नावे नोंदवावीत. त्यासाठी ना मोठे अनुदान लागते, ना तज्ज्ञांची समिती. एक वही, एक पेन आणि गावातली चालती पावले एवढे पुरे आहे. ज्या जागा आपल्या डोळ्यांसमोर आहेत, त्या लिहून ठेवणे हे आपल्याच पिढीचे काम आहे, आणि ते आताच सुरू करायला हवे.